स्पेलिंग ‘नजरेत’ बसत नाही

मराठी माध्यमाच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गावरून गेलात तर हा गजर हमखास कानी पडतो : ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर, आर-ए-टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर.’ महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे या गजराला आता पंचवीस वर्षं झाली. डी.एल.एड. किंवा बी.एड. करणारी छात्राध्यापिका सराव पाठाला उभी राहते तेव्हा तीही हाच गजर लावते, कारण तिला कुणीतरी असंच शिकवलेलं असतं. पाठ टाचणात ‘नवीन शब्द’ असा रकाना. त्यात पाच शब्द, समोर मराठी अर्थ, मग फलकलेखन, आणि शेवटी गृहपाठ : प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणा. दहा वेळा लिहिलं की स्पेलिंग नजरेत बसतं, असा आपल्या सगळ्यांचाच समज.

ग्रामीण भारतातल्या मुलांची घरी जाऊन पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२२च्या अहवालानुसार इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता येणारी मुलं पाचवीत सुमारे २५ टक्के आहेत आणि आठवीत सुमारे ४७ टक्के. यामागे कारणं पुष्कळ आहेत आणि सगळी वर्गातली नाहीत. पण एक कारण त्या ‘नजरेत बसतं’मध्ये दडलं आहे, आणि वाचनाच्या विज्ञानातला मला सर्वांत आवडणारा भाग नेमका तिथेच सुरू होतो.

शब्द चित्रासारखा लक्षात राहतो ही कल्पना मुळात वेडगळ नव्हती. जेम्स कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने १८८६मध्ये दाखवून दिलं, की सरावलेला वाचक छोटा आख्खा शब्द जवळजवळ सुट्या अक्षराइतक्याच वेळात ओळखतो. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला : आपण अक्षरं वाचतच नाही, शब्दाचा आकार ओळखतो, मग मुलांनाही आख्खे शब्दच दाखवा. पुढे अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या असं शिकवलं गेलं.

मग १९७९मध्ये मॅकाँकी आणि झोला या दोघांनी एक खोडसाळ प्रयोग केला. वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकत नाही. ती एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, सात-आठ अक्षरं पुढे उडी मारते, पुन्हा थांबते. उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. या दोघांनी पडद्यावरचा मजकूर एक अक्षर कॅपिटल, एक स्मॉल असा छापला, आणि वाचकाची नजर उडी मारत असताना संगणकाकडून प्रत्येक अक्षर उलटं केलं. कॅपिटल होतं ते स्मॉल, स्मॉल होतं ते कॅपिटल. म्हणजे दर पाव सेकंदाला शब्दाचा आकार पूर्ण बदलत होता. वाचकांना पत्ताच लागला नाही! त्यांचा वेगही कमी झाला नाही. आकार लक्षात ठेवून वाचन होत असतं तर हे शक्यच नव्हतं.

लहान मुलांवरचा पुरावा तर आणखी बोलका आहे. १९८४मध्ये काही संशोधकांनी अमेरिकेतल्या शाळापूर्व वयाच्या मुलांना नेहमीच्या ओळखीच्या पाट्या आणि वेष्टनं दाखवली. मुलांनी ती धडाधड ‘वाचली’. मग पेप्सीच्या चिन्हातला पहिला पी काढून तिथे एक्स बसवला, रंग आणि नक्षी तीच ठेवली. ज्यांना अजून अक्षरं वाचता येत नव्हती त्या मुलांनी ते बिनदिक्कत पेप्सीच वाचलं. ‘आमची सोनू तीन वर्षांची आहे, पण दुकानावरच्या पाट्या वाचते’ असं कौतुक ऐकू आलं की मला हा एक्स आठवतो. वर्गात याचंच मोठं भावंड भेटतं : मूल धडा घडाघडा म्हणतं, बोटही ओळीवरून फिरवतं, फक्त बोट एका शब्दावर असतं आणि तोंडात दुसराच शब्द. नव्या छात्राध्यापिकेने चित्रावर हात ठेवून मधलाच एखादा शब्द विचारून बघावा.

मग शब्द लक्षात राहतो कसा? लिनिया एरी या अमेरिकी संशोधिकेने आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठलाग केला. तिच्या उत्तराला ‘ऑर्थोग्राफिक मॅपिंग’ म्हणतात. आपण ध्वनी-अक्षर जुळणी म्हणू. समजा मुलासमोर ‘स्टॅम्प’ हा शब्द पहिल्यांदाच छापील आला : एस, टी, ए, एम, पी. अक्षरं पाच. उच्चार तोडला तर ध्वनीही पाच : स्, ट्, ॲ, म्, प्. हा शब्द त्याने ऐकलेला आहे, म्हणजे ध्वनींची ही माळ आणि तिचा अर्थ त्याच्या डोक्यात आधीपासून पक्का आहे. मूल एकेका अक्षराचा ध्वनी काढत अडखळत ‘स्टॅम्प’पर्यंत पोहोचतं त्या क्षणी प्रत्येक अक्षर आपापल्या ध्वनीला जाऊन चिकटतं. ध्वनी हा इथे डिंक. तीन-चार वेळा असं झालं की जोड पक्का होतो, आणि त्यानंतर तो शब्द दिसताच उच्चार आणि अर्थ आपोआप उमटतात, अक्षरं जुळवत बसावं लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, याने शब्द नजरेने ओळखला. प्रत्यक्षात त्याने तो कानाने साठवला होता.

इस्रायलच्या डेव्हिड शेअरने १९९५मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्याचं म्हणणं, अक्षरांवरून उच्चार काढता येऊ लागला की मूल स्वतःच स्वतःला शिकवू लागतं. वाचताना भेटणारा प्रत्येक नवा शब्द हा एक छोटा धडा होतो. १९९९मध्ये त्याने हिब्रू बोलणाऱ्या दुसरीच्या मुलांना गोष्टी मोठ्याने वाचायला दिल्या. त्यात काही बनावट शब्द पेरले होते. हिब्रूत काही ध्वनींना दोन-दोन अक्षरं आहेत, त्यामुळे एकच उच्चार दोन प्रकारे लिहिता येतो. तीन दिवसांनी मुलांना दोन्ही स्पेलिंगं दाखवली तर बहुतेकदा त्यांनी गोष्टीतलंच अचूक उचललं. कुणी पाठ करून घेतलं नव्हतं, दहादा लिहून घेतलं नव्हतं. आता खरी गंमत. दुसऱ्या एका गटाला शब्द क्षणभरच दाखवले आणि त्या वेळी तोंडाने भलताच निरर्थक आवाज काढत राहायला लावलं, म्हणजे मनातल्या मनात उच्चार जुळवायला वावच ठेवला नाही. डोळ्यांपुढे शब्द होता, पण शिकणं बरंच घसरलं.

आता ‘सी-ए-टी कॅट’कडे बघा. सी, ए, टी ही अक्षरांची नावं आहेत. ‘सी’, ‘ए’ आणि ‘टी’ कितीही भराभर म्हटलं तरी त्यातून ‘कॅट’ निघत नाही. निघालंच तर ‘सिएटी’ निघेल. म्हणजे डिंकाची बाटली बंदच. उरतं ते निव्वळ पाठांतर, आणि ते थोड्याच शब्दांपर्यंत चालतं, मग कोसळतं.

मराठी मुलाची अडचण इथे थोडी वेगळी आहे आणि ती बहुतेक पाठ्यक्रमांत सांगितली जात नाही. शब्दाचे सुटे ध्वनी ऐकू येणं ही निसर्गाची देणगी नव्हे. पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांवर १९७९मध्ये झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की शब्दाचा पहिला ध्वनी गाळून उरलेला म्हणा, हे त्यांना जवळजवळ जमतच नव्हतं. प्रौढपणी साक्षर झालेल्यांना जमत होतं. चीनमध्ये १९८६च्या एका अभ्यासात तर साक्षर माणसंही अडली : ज्यांना फक्त चिनी चिन्हं येत होती त्यांना हे जमेना, ज्यांनी रोमन लिपीतली पिनयिन शिकली होती त्यांना जमलं. म्हणजे ध्वनी सुटे ऐकायला लिपीच शिकवते, आणि जशी लिपी तसा कान. आपल्या ‘क’मध्ये क् आणि अ दोन्ही एकत्र बसलेले. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या २००७च्या अभ्यासातही हेच दिसलं, की अशा लिपीत शिकणाऱ्या मुलांना अक्षर लवकर ऐकू येतं, त्याच्या पोटातला सुटा ध्वनी उशिरा. म्हणून ‘बी म्हणजे ब’ असं शिकलेलं मूल बॅट हा शब्द ‘ब-ॲ-ट’ असा जुळवतं आणि मधेच अडकतं.

पण याच देवनागरीत सुटकाही आहे. पाय मोडलेला क् मराठी मुलाला माहीत असतो. बाराखडीत क तोच राहून मात्रा बदलते, हेही त्याला रोज दिसतं. ब्, ॲ, ट् असं फळ्यावर पाय मोडून लिहिलं आणि ध्वनी आखूड ठेवून उच्चारले, तर जे इंग्रज मुलाला खुणा करून सांगावं लागतं ते आपल्या मुलाच्या वहीत आधीच असतं. ॲ आणि ऑ तर राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेत स्वर म्हणून आलेच आहेत. (‘शिप’ आणि ‘शीप’मध्ये मात्र मराठी मूल गडबडणारच. आपल्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ फारसा बदलत नाही. शुद्धलेखनात मोठी माणसंही तिथेच घसरतात. हे निष्काळजीपणात मोजू नये.)

‘पण इंग्रजीत नियमच नाहीत’ हा आक्षेप येणार. निम्मा खरा आहे. २००३मध्ये युरोपातल्या तेरा भाषांची तुलना झाली. शाळेच्या पहिल्या वर्षाअखेर फिनिश मुलं ओळखीचे ९८ टक्के शब्द बरोबर वाचत होती. स्कॉटलंडमधली, घरी इंग्रजी बोलणारी मुलं ३४ टक्के. तेव्हा आपल्या मुलांना वेळ लागला तर त्यात लाज कसली? पण ‘सेड’ हा बदनाम शब्द घ्या : एस, ए, आय, डी. यात एस आणि डी अगदी नियमात आहेत. घोळ मधल्या दोघांचाच. ‘आयलंड’मध्ये तर फक्त एस आगाऊ आहे. जुळणारी अक्षरं ध्वनीला चिकटतातच, न जुळणाऱ्या अक्षराखाली रेघ मारून तेवढंच लक्षात ठेवायचं. पाठांतराचं ओझं सहा अक्षरांवरून एकावर येतं.

इथे थोडं विषयांतर. वाचनाच्या नावावर बाजारात काय काय खपतं! ‘मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग आठवतात? हजारो रुपये भरा, मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचेल. पट्टी आणि नाकाच्या मधल्या फटीतून मूल खाली बघतं, एवढाच त्याचा मेंदूविज्ञानाशी संबंध. नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवादी कार्यकर्त्यांनी हे जाहीर आव्हानं देऊन उघडं पाडलं. तुलनेने सभ्य दिसणारा दुसरा प्रकार बी.एड.च्या वह्यांत अजून सापडतो : अमका विद्यार्थी ‘दृक’, तमका ‘श्राव्य’, त्याला त्याच्या शैलीने शिकवा. २००८मध्ये यावरच्या संशोधनाचा कसून आढावा घेतला गेला आणि असं वर्गीकरण करून शिकवल्याने फायदा होतो याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. वाचताना प्रत्येक मुलाला डोळा आणि कान दोन्ही लागतात, कारण जोडायचं तेच दोन असतं.

आता शब्दसंग्रह. गफ आणि टनमर यांनी १९८६मध्ये एक साधं समीकरण मांडलं : वाचून समजणं = अक्षरांवरून शब्द काढता येणं × ती भाषा ऐकून समजणं. चिन्ह बेरजेचं नाही, गुणाकाराचं आहे. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. इंग्रज मूल शाळेत येतं तेव्हा दुसरी बाजू भरलेली असते. आपलं मूल ‘फॉग’ अचूक जुळवून वाचतं आणि शांत बसतं, कारण डोक्यात त्या आवाजाला काही सापडतच नाही. जुळणीला डिंकही लागतो आणि चिकटवायला ओळखीचा शब्दही.

म्हणून मला वाटतं, मराठी शाळेतल्या पहिल्या इंग्रजी शब्दांची यादी बदलायला हवी. कॅट, रॅट, मॅट, हेन कशासाठी? मुलाच्या तोंडात बस, पेन, बॅट, टीम, आऊट, कप, टेबल, नेट, पंप, ड्रम, पिन, सेट, टेस्ट, हे आधीच आहेत, अर्थासकट. वाडीवस्तीवरच्या मुलालाही मोबाइलचं नेट गेलेलं कळतं. अशा शब्दांपासून जुळणी सुरू केली तर गुणाकारातली दुसरी बाजू फुकट मिळते. उच्चार मराठी वळणाचा असेल, असू दे.

अनोळखी शब्द शिकवतानाही एक स्वस्त युक्ती आहे. रोझेंथल आणि एरी यांनी २००८मध्ये दुसरी आणि पाचवीच्या मुलांना चित्रं दाखवून, वाक्यांतून नवे शब्द आणि त्यांचे अर्थ शिकवले. काही शब्दांच्या वेळी कार्डावर स्पेलिंगही होतं, काहींच्या वेळी नव्हतं. स्पेलिंगकडे बघा असं कुणी सांगितलं नाही. तरी स्पेलिंग दिसलेल्या शब्दांचे उच्चार आणि अर्थ दोन्ही मुलांच्या जास्त लक्षात राहिले. जी छात्राध्यापिका ‘आधी तोंडी, लिखाण नंतर’ म्हणून खडू खाली ठेवते, तिने तो उचलायला हरकत नाही.

यापुढचं गणित अवघड आहे. पॉल नेशन यांच्या २००६च्या हिशोबानुसार इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र आधाराशिवाय समजायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ) लागतात. रोजचे पाच शब्द एकही न विसरता शिकवले तरी शाळेची आठ-नऊ वर्षं त्यातच जातात. म्हणून बरेचसे शब्द मुलाने स्वतः वाचून कमवायचे; पण त्यासाठी त्याच्या पातळीची पुस्तकं हाताशी लागतात, आणि ती बऱ्याच शाळांत कपाटाला कुलूप लावून ठेवलेली असतात.

उरला गृहपाठ. दहा वेळा लिहिताना मूल बहुधा पहिल्या रकान्यात दहा वेळा एस, दुसऱ्या रकान्यात दहा वेळा टी असे उभे रकाने भरत जातं आणि वही पूर्ण होते. ध्वनी एकदाही निघत नाही. त्याऐवजी वर्गातच पाच मिनिटं श्रुतलेखन घ्यावं. शब्द म्हणायचा, मुलांनी तो सावकाश पुटपुटायचा, बोटांवर ध्वनी मोजायचे, मग लिहायचा. चुकला तर आख्खा शब्द खोडायचा नाही, ज्या ध्वनीपाशी चूक झाली तेवढीच जागा दाखवायची. मार्गदर्शक प्राध्यापकांना वर्गात गोंगाट वाटेल, निरीक्षण वहीत तसा शेरा पडेल. पुटपुटणं तरी थांबवू नये.