तात्कालिक त्वरण (द्विमितीय गती)

प्रतलात फिरणाऱ्या वस्तूचा वेग एखाद्या क्षणी ज्या दराने बदलत असतो, तो सदिश (परिमाण आणि दिशा दोन्ही असलेला) दर म्हणजे तात्कालिक त्वरण. वस्तूचे स्थान क्ष (पूर्वेकडे) आणि य (उत्तरेकडे) या सहनिर्देशकांत, काल ट ची फलने म्हणून दिलेले असते. प्रत्येक फलनाचे एकदा अवकलन केले (म्हणजे त्याच्या बदलाचा दर काढला) की वेगाचे घटक मिळतात, पुन्हा केले की त्वरणाचे. अक्ष स्थिर असल्यामुळे एका घटकाचे गणित दुसऱ्यात मिसळत नाही.

निफाडच्या द्राक्षबागेवर एकाच उंचीवर उडणाऱ्या ड्रोनचे स्थान सुरुवातीचे दोनेक सेकंद क्ष = ट³, य = २ट² (मीटरमध्ये) आहे असे समजू. वेगाचे घटक ३ट² व ४ट, त्वरणाचे ६ट व ४. पहिला सेकंद संपताना वेग (३, ४), म्हणजे चाल (वेगाचे परिमाण) ५ मी./से.; त्वरण (६, ४), म्हणजे परिमाण √५२, सुमारे ७.२ मी./से.². वेग पूर्वेपासून उत्तरेकडे ५३° कललेला आहे, त्वरण मात्र ३४°.

परीक्षेत हमखास होणारी चूक इथेच असते. आधी चालीचे सूत्र काढायचे आणि त्याचेच अवकलन करायचे. उत्तर येते ६.८. हा आकडा खोटा नाही, पण तो त्वरणाचा फक्त स्पर्शिकेच्या दिशेचा घटक आहे, चाल किती झपाट्याने वाढते तेवढेच सांगणारा. दिशा वळवणारा अभिलंब (मार्गाला काटकोनातला) घटक २.४ मी./से.² त्यातून गळतो. दोहोंच्या वर्गांची बेरीज ५२ भरते. अभिलंब घटक म्हणजे चालीचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्या. त्यामुळे ड्रोन त्या क्षणी सुमारे १०.४ मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे हेही कळते. म्हणून क्रम पाळावा: आधी घटकांचे अवकलन, परिमाण सर्वांत शेवटी.

चाल अजिबात बदलत नसेल तर हा गळणारा घटक हेच सगळे त्वरण ठरते. नाशिकच्या मुंबई नाक्याला वळसा घालणारी बस ताशी ३६ किमी. या स्थिर चालीने ४० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर आहे असे धरू (गर्दीच्या वेळी हे धरणेही धाडसाचेच). मग क्ष = ४० ज्या(ट/४), य = ४० कोज्या(ट/४); ज्या म्हणजे साइन, कोज्या म्हणजे कोसाइन. दोनदा अवकलन केल्यास दोन्ही फलने उणे चिन्हासह १/१६ पट होऊन परत येतात: त्वरण सतत केंद्राकडे, २.५ मी./से.². स्पीडोमीटरचा काटा हलत नाही. उभे प्रवासी मात्र दांडी घट्ट धरतात.

देवळालीच्या तोफखाना प्रशालेत शिकवल्या जाणाऱ्या प्रक्षेपगतीत उलट प्रकार दिसतो. हवेचा रोध सोडला तर गोळ्याचे त्वरण सर्व मार्गभर खालच्या दिशेने ९.८ मी./से.² राहते. सर्वोच्च बिंदूवर वेगाचा उभा घटक शून्य होतो, त्वरण होत नाही. प्रत्यक्षात रोध मोठा असतो आणि त्वरण चालीबरोबर बदलते.

ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) आढळतो. त्यांच्या परंपरेशी निगडित शिलालेख नाशिक विभागातल्याच चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. त्वरणाची आजची सदिश मांडणी मात्र खूप नंतरची.

सूत्राऐवजी जीपीएसच्या नोंदी हाती असतील, तर लगतच्या तीन स्थानांपैकी पहिल्या व तिसऱ्याच्या बेरजेतून मधल्याची दुप्पट वजा करून कालांतराच्या वर्गाने भागतात. दर सेकंदाच्या नोंदीत मीटरभर चूक असली, तर त्वरणातही तितक्याच मी./से.² ची किंवा त्याहून जास्त चूक येते. त्यामुळे नोंदी आधी गुळगुळीत करून घ्याव्या लागतात.