सोफ्यावरची माणसं : क्लेअर ब्रेतेशे

2016 च्या जानेवारीत फ्रान्समधल्या आंगुलेम कॉमिक्स महोत्सवाने आपल्या सर्वोच्च सन्मानासाठी, म्हणजे ग्रां प्रीसाठी, 30 नावांची यादी काढली. त्यात एकही बाई नव्हती. गदारोळ झाला, रियाद सातूफसारख्या काही चित्रकारांनी यादीतून स्वतःचं नाव काढून घेतलं आणि शेवटी यादीच रद्द झाली. तोवर ग्रां प्री मिळालेली एकच स्त्री सांगितली जाई : 2000 सालच्या फ्लोरांस सेस्ताक. फ्रेंच कॉमिक्स चित्रकार क्लेअर ब्रेतेशे यांना 1983 मध्ये मिळाला तो महोत्सवाच्या दहाव्या पर्वाचा 'खास' पुरस्कार. त्या वर्षीचा नेहमीचा ग्रां प्री ज्याँ-क्लोद फोरेस्ट यांना गेला. हे मला आजही खटकतं.

ब्रेतेशे 1940 साली नान्तमध्ये जन्मल्या. पॅरिसला येऊन काही काळ चित्रकला शिकवली. 1963 मध्ये अ‍ॅस्टेरिक्स या कॉमिक्सचे लेखक रने गोसिनी यांनी त्यांना आपल्या एका कथेची चित्रं काढायला दिली. पुढे गोसिनींच्याच 'पिलोत' साप्ताहिकात त्यांनी सेल्युलित ही राजकन्या उभी केली. मध्ययुगातली, दिसायला बेताची, राजपुत्राची वाट बघून कंटाळलेली. 1972 मध्ये गोत्लिब आणि मांद्रिका या चित्रकारांसोबत त्यांनी 'लेको दे साव्हान' हे स्वतंत्र नियतकालिक काढलं.

पण त्यांचं खरं घर 'नूव्हेल ऑब्झर्व्हातर' हे डाव्या विचारांचं साप्ताहिक. 1973 पासून तिथे 'ले फ्रुस्त्रे', म्हणजे वैफल्यग्रस्त माणसं, हे पान सुरू झालं. त्यातलं एखादं पान नीट बघा. मागे देखावा जवळपास नाहीच. सोफ्यात रुतलेल्या दोन बायका, पाय पसरलेले, नाकं लांब. चौकटीमागून चौकट तेच चित्र. फरक पडतो तो हाताच्या एका हालचालीने, मानेच्या कलाने. बोलणं मात्र अखंड : क्रांती, मुलं, नवरे, मनोविश्लेषण. ही माणसं म्हणजे त्या साप्ताहिकाचे वाचकच होते, आणि आपलंच सोंग उघडं पडताना ते दर आठवड्याला आवडीने वाचत. 1976 मध्ये फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी त्यांना वर्षातली सर्वोत्तम समाजशास्त्रज्ञ म्हटलं.

या पानांचे अल्बम ब्रेतेशे यांनी 1975 पासून स्वतःच छापून विकले, प्रकाशकाविना. 1988 मध्ये आली आग्रिपीन, पॅरिसमधली सतत वैतागलेली किशोरी. तिच्या तोंडची पोरांची बोली ब्रेतेशे बरीचशी स्वतः घडवत.

10 फेब्रुवारी 2020 रोजी त्या पॅरिसमध्ये वारल्या. त्यांच्यानंतर आंगुलेमचा ग्रां प्री जुली दूसे, पोझी सिमन्ड्स आणि अनूक रिकार या स्त्रियांना मिळाला.