कॅच अवस्था : शिंपल्यांच्या स्नायूंची अल्पखर्चिक पकड

शिंपले, कालवे, तिसऱ्या यांसारख्या द्विपुट मृदुकाय प्राण्यांचे काही अरेखित, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे न दिसणारे, स्नायू एकदा आकुंचन पावले की तो ताण तासन्‌तास, प्रसंगी काही दिवससुद्धा, नाममात्र ऊर्जा खर्चून टिकवून धरतात. स्नायूच्या या स्थितीला कॅच अवस्था म्हणतात. ओढण्याचे काम आणि धरून ठेवण्याचे काम येथे निसर्गाने एकमेकांपासून वेगळे केले आहे. स्नायूविज्ञानात या अवस्थेला जे महत्त्व आहे ते यामुळेच.

या सोयीची गरज शिंपल्याच्या रचनेतूनच निर्माण होते. कवचाची दोन पुटे जोडणाऱ्या बिजागरीपाशी एक लवचिक बंध असतो आणि तो पुटांना सतत उघडण्याकडे ढकलत राहतो. शिंपला उघडण्यासाठी स्वतंत्र स्नायू नसतो, मिटवण्यासाठी मात्र असतो. म्हणूनच मेलेला शिंपला आपोआप उघडा पडतो आणि जिवंत शिंपल्याला मिटून राहायचे तर बंधाच्या विरोधात अखंड ओढ ठेवावी लागते. पंचगंगा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या गाळात लॅमेलिडेन्स प्रजातीचे गोड्या पाण्यातील शिंपले आढळतात. उन्हाळ्यात पात्र आकसू लागले की काठच्या चिखलात अर्धवट रुतलेले हे शिंपले पुटे घट्ट मिटून घेतात, कारण आतला ओलावा टिकला तरच ते पुढचे पाणी पाहू शकतात. अन्न नाही, ऑक्सिजनचा पुरवठा जवळपास थांबलेला, अशा वेळी महागडी पकड परवडणारी नसते.

लॅमेलिडेन्सच्या पुढच्या व मागच्या टोकाला पुटे मिटवणारा एकेक स्नायू असतो. रिकाम्या शिंपल्याच्या आतल्या मोतिया अस्तरावर त्यांच्या चिकटण्याच्या जागी लंबगोल खुणा स्पष्ट दिसतात. रत्नागिरी-मालवणकडून कोल्हापूरच्या बाजारात येणाऱ्या तिसऱ्या शिजवल्यावर उघडतात, कारण उष्णतेने स्नायूची पकड नष्ट होते आणि बंध आपले काम करतो. मांस खाऊन झाल्यावर शिंपेला चिकटून राहणारा पांढरा, चिवट तुकडा हा त्याच स्नायूचा अवशेष होय. ताजा स्नायू आडवा कापला तर पुष्कळ जातींत त्याचे दोन भाग दिसतात. अर्धपारदर्शक भाग झटकन आकुंचन पावतो पण लवकर थकतो. दुधट, अपारदर्शक भाग संथ असतो, पण पकड त्याचीच. स्कॅलॉप या पोहणाऱ्या समुद्री शिंपल्यात हा फरक विशेष ठळक आहे : मोठा रेखित भाग पुटांची उघडझाप करून प्राण्याला पाण्यातून पुढे नेतो, तर कडेचा लहानसा अरेखित भाग पुटे मिटून धरतो.

माणसाच्या स्नायूला अशी सवलत नाही. तालमीत प्रतिस्पर्ध्याला जखडून धरलेला मल्ल जागचा हललेला नसतो, तरीही त्याला धाप लागते. कारण मायोसिन या प्रथिनाच्या रेणूंचे ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंशी जुळणारे दुवे सतत तुटत आणि नव्याने जुळत असतात, आणि अशा प्रत्येक फेऱ्यात एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचा एक रेणू खर्ची पडतो. शिंपल्याच्या स्नायूतही आकुंचन याच मार्गाने सुरू होते. चेतातंतूंतून ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन स्रवते, पेशीतील कॅल्शियम वाढते, ते थेट मायोसिनला जोडले जाते आणि ओढ निर्माण होते. वेगळेपण यापुढे सुरू होते. थोड्याच वेळात कॅल्शियम विश्रांतीच्या पातळीवर येते, पण ताण उतरत नाही. या स्थितीत स्नायूला किंचित आखूड होऊ दिले तर गेलेला ताण तो पुन्हा निर्माण करू शकत नाही, मात्र ताणू पाहणाऱ्या बळाला तो कडवा प्रतिकार करतो. ऑक्सिजनचा वापरही विश्रांतीच्या वेळेपेक्षा थोडाच अधिक असतो.

ही पकड आपोआप सुटत नाही. ती सोडवण्यासाठी स्वतंत्र संदेश यावा लागतो. तो संदेश म्हणजे सेरोटोनिन हे चेतांतून स्रवणारे रसायन. त्याच्या प्रभावाने पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढतो, प्रथिन कायनेज ए हे विकर कार्यान्वित होते आणि ते ट्विचिन नावाच्या प्रचंड आकाराच्या प्रथिनावर फॉस्फेट गट बसवते. लगेच स्नायू सैल पडतो. पुढच्या आकुंचनात कॅल्शियम वाढले की कॅल्सिन्यूरिन हे विकर तो फॉस्फेट गट काढून टाकते आणि ट्विचिन पुन्हा पकडीसाठी सज्ज होते.

या स्नायूंचे बळही असाधारण आहे. मिटिलस या समुद्री शिंपल्याला खडकाशी बांधून ठेवणाऱ्या धाग्यांना ओढून धरणारा पुढचा स्नायू दर चौरस सेंटिमीटरला 10 किलोग्रॅमहून अधिक भार पेलू शकतो; पृष्ठवंशी प्राण्यांच्या रेखित स्नायूसाठी हा आकडा सुमारे 2 ते 3 किलोग्रॅम असतो. याचे कारण मायोसिन असलेल्या जाड तंतूंत आहे. आपल्या स्नायूंतील जाड तंतू सुमारे 1.6 मायक्रोमीटर लांब असतात, तर मिटिलसमध्ये ते 25 मायक्रोमीटरच्याही पुढे जातात. त्यांचा गाभा पॅरामायोसिन या प्रथिनाचा असून मायोसिन केवळ पृष्ठभागावर असते. तंतू लांब असल्याने एकाच तंतूवर अनेक दुवे एकत्र ओढतात आणि त्यांच्या बळाची बेरीज होते.

रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनी 1885 मध्येच गोड्या पाण्यातील शिंपल्यावरील प्रयोगांतून स्नायू सैल करणाऱ्या चेतांचा पुरावा मांडला होता. लॅमेलिडेन्सच्याच कुळातील ॲनोडॉन्टा हा तो शिंपला. अमेरिकी संशोधक बेटी ट्वारोग यांनी मिटिलसच्या स्नायूवरील सेरोटोनिनचा परिणाम 1954 मध्ये प्रसिद्ध केला. याच कामातून पुढे गेलेल्या त्यांच्या शोधामुळे सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचे 1953 मध्येच, म्हणजे त्या निबंधाच्याही आधी, जाहीर झाले होते. शिंपल्यावरच्या मूलभूत संशोधनाला याहून मोठी दाद क्वचितच मिळाली असेल. ट्विचिनची भूमिका 1998 मध्ये पुढे आली.

त्याआधी पॅरामायोसिनचे तंतू एकमेकांना चिकटून पकड बसते, असे मत प्रचलित होते, तर काही संशोधक मायोसिनचे दुवेच अतिशय मंद गतीने सुटतात, असे मानत होते. आता चर्चा मुख्यतः ट्विचिनभोवती फिरते. ते स्वतः जाड तंतू व ॲक्टिनचे बारीक तंतू यांना बांधून ठेवते, की मायोसिनच्या दुव्यांना सुटू देत नाही, यावर एकमत झालेले नाही. मात्र ट्विचिनवर फॉस्फेट बसताच पकड सुटते, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.