दोन ऑफव्हाइट शेड्समधली निवड दुकानात का करू नये

दिवाळी जवळ आली की ठाण्यात, वाशीत, खारघरला घराघरात रंगकाम निघतं आणि एक तक्रार हमखास ऐकू येते, शेडकार्डवर दोन्ही रंग सेमच वाटत होते म्हणून त्यातला एक घेतला आणि आता भिंत हिरवट मारतेय, नक्कीच दुकानदाराने डबा बदलला नाहीतर पेंटरने काहीतरी मिसळलं. बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो. दोष उजेडाचा, आणि ग्रे, बेज, ऑफव्हाइट असल्या न्यूट्रल रंगांना तो सगळ्यात जास्त जाणवतो, कारण लाल भिंत घरातल्या नेहमीच्या कुठल्याही उजेडात लालच दिसते पण करडा रंग अगदी मधोमध असतो, जरा इकडे सरकला की गुलाबी आणि जरा तिकडे सरकला की हिरवट.

आता खरी गंमत. डब्यात मुळात टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा बेस असतो, टिंटिंग मशीन त्यात थोडा थोडा कलरंट सोडतं. तोच ग्रे दोन रेसिपीने बनू शकतो, एकात काळा आणि थोडा पिवळा ऑक्साइड, दुसऱ्यात काळा कमी आणि त्याऐवजी हिरवा नि लाल. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीमधला, म्हणजे जांभळ्यापासून लालपर्यंतचा, कुठला प्रकाश भिंत किती परत पाठवते याचा आलेख काढला तर पहिल्याचा जवळपास सपाट येईल, दुसऱ्याचा वरखाली. पण आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या, त्यामुळे अख्ख्या आलेखातून मेंदूला मिळतात फक्त तीन बेरजा. दोन वेगळ्या आलेखांच्या तिन्ही बेरजा जुळल्या की आपल्यासाठी रंग एकच. याला मेटामेरिझम म्हणतात आणि मला तरी रंगशास्त्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

मात्र बेरीज करायच्या आधी भिंतीच्या आलेखाला उजेडाच्या आलेखाने गुणावं लागतं, म्हणजे उजेड बदलला की जुळलेल्या बेरजा तुटू शकतात. आपला एलईडी बल्ब म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्यातला काही उजेड पिवळ्यात बदलणारा थर, त्यामुळे ४५० नॅनोमीटरच्या आसपास उंच सुळका, ४८०जवळ खड्डा आणि गडद लालमध्ये उतार. दुपारच्या उजेडात असा खड्डा नसतो. दुसऱ्या रेसिपीचा उंचवटा नेमका खड्ड्याजवळ आला की रात्री दोन शेड्स वेगळ्या. तुम्ही म्हणाल डोळ्याला सवय होतेच की, होते, २७०० केल्विनच्या वॉर्म व्हाइट म्हणजे पिवळसर बल्बमध्ये थोड्या वेळाने पांढरा शर्ट पांढराच वाटतो, पण ती सवय सगळ्या खोलीला एकसारखी लागू होते, दोन शेड्समधला फरक तिने जात नाही.

फोनमधल्या अ‍ॅपवर भिंत रंगवून बघणाऱ्यांनी हे नक्की लक्षात घ्या, स्क्रीन लाल, हिरवा, निळा एवढेच तीन दिवे मिसळते, पेंटचा आलेख तिच्यात नसतोच. आणि ईशान्येला अमुकच रंग लावा म्हणणाऱ्या वास्तूवाल्यांचं ऐकून शेड घेऊ नका, रंगाने भरभराट होत नाही. दिशेचा संबंध आहे तो उन्हाशी, उत्तरेच्या खिडकीत वर्षातला बराच काळ आकाशाचा निळसर उजेड येतो, आणि घोडबंदर रोडला खिडकीला लागून झाडं असतील तर पानांवरून हिरवट उजेड आत येतो.

म्हणून दोन्ही शेड्सचे छोटे डबे आणा, जाड कार्डशीटवर दोन हात मारा, नीट वाळू द्या. जुन्या भिंतीवर थेट पॅच मारू नका, बाजूच्या पिवळट रंगामुळे नवा ग्रे उगाच निळसर वाटतो. शीट भिंतीला टेकवून उभी ठेवा, सकाळी, दुपारी आणि रात्री घरचाच बल्ब लावून बघा, सोफ्याच्या मागे वेगळी आणि खिडकीजवळ वेगळी.

आणि तरी दोन्ही आवडल्या तर फिकट घ्या. चारही भिंती रंगल्या की उजेड एकीवरून दुसरीवर आपटतो, पेंट पिवळा प्रकाश ८० टक्के आणि निळा ७० टक्के परत पाठवत असेल तर दुसऱ्या टप्प्याला ६४ आणि ४९ उरतात, म्हणजे शेडकार्डावरचा हलका क्रीम हॉलमध्ये चांगलाच पिवळा दिसतो.