हलका छर्रा म्हणजे बारीक छर्रा नव्हे

पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजबाहेर पोरांची वाट बघत बसणाऱ्या आयांमधे मी गेली चार वर्षं आहे, आणि तिथे एक वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की आता लिहूनच टाकते. "हा छर्रा हलका आहे ना, मग तो बॅरलमधे सैल जाणार." (छर्रा म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी, बॅरल म्हणजे बंदुकीची नळी.) आधी मलाही तसंच वाटायचं. वजन कमी म्हणजे माप कमी, बाजारात वांगी घेताना असतं तसं. पण छर्र्याचं तसं नाहीये, आणि हे न कळल्यामुळे आमची एक अख्खी मॅच गेली.

झालं असं की लेकीचे छर्रे संपत आले होते, नेहमीचा डबा मिळेना, दुकानदार म्हणाला मॅडम हे घ्या, 4.50 च आहे, सेम. मी 4.50 बघितलं आणि घेतलं. घरी येऊन नीट वाचलं तर खाली बारीक अक्षरात 0.49 ग्रॅम. ती मारते दहा मीटर एअर रायफल, तिचा छर्रा 0.53 ग्रॅमचा. मी आणलेला होता पिस्तुलवाल्यांचा. मला वाटलं चार शतांश ग्रॅमनं काय होतंय, वेळही नव्हता, तोच देऊन पाठवला.

तर डब्यावर दोन आकडे असतात. एक ग्रॅममधे (किंवा ग्रेनमधे, 0.53 ग्रॅम म्हणजे साधारण 8.2 ग्रेन), ते वजन. दुसरा मिलिमीटरमधे, 4.49, 4.50, 4.51 असा, तो हेड साईज, म्हणजे छर्र्याच्या डोक्याचा व्यास. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध नाही. 4.50 मधे 0.49 पण मिळतो आणि 0.53 पण मिळतो.

हे कसं शक्य आहे ते छर्रा हातात घेतला की कळतं. आकार अगदी डमरूसारखा, मधे कंबर, दोन्हीकडे रुंद. पुढचं डोकं सपाट आणि भरीव, कागदाला गोल स्वच्छ भोक पाडायला. मागचा भाग पोकळ, घागऱ्याच्या घेरासारखा, त्याला स्कर्टच म्हणतात. मागून हवेचा दाब आला की तो पातळ घेर फुलून बॅरलच्या आतल्या खाचांना घट्ट बसतो, हवा निसटू देत नाही. डोकं बॅरलमधे सरळ धरायचं काम करतं. म्हणजे फिटिंगचा सगळा मामला बाहेरच्या मापाचा. आणि वजन कुठून कमी करतात? आतून. पोकळी थोडी खोल केली, घेराची जाडी थोडी उतरवली, झाला हलका. डोक्याचा व्यास जिथल्या तिथे.

माझा नवरा भोसरीला टूलरूममधे आहे, त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला यात काय नवीन, आम्ही रोज हेच करतो. छर्र्यासाठी शिशाच्या तारेचा तुकडा डायमधे, म्हणजे पोलादी साच्यात, टाकून वरून पंचनं, म्हणजे दांड्यानं, दाबायचा, बाहेरचं माप डाय देतो, आतली पोकळी पंच देतो. पंच बदल, वजन बदलेल. डायला हातच लावायचा नाही. ओतीव कामातपण तेच. अमेरिकेत हौशी लोक बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या साच्यात ओततात, तिथे गोळी हलकी करायची तर साच्याच्या ठोकळ्याची वरची बाजू थोडी मशीनवर घासून उतरवतात म्हणजे गोळी आखूड पडते, नाहीतर मधे पिन बसवतात म्हणजे पोकळ पडते. दोन्हीत गोळीचा व्यास तसाच राहतो कारण साच्यातल्या पोकळीच्या भिंतीला कोणी खरवडलेलंच नाही. (आपल्याकडे आर्म्स ॲक्ट 1959 आहे, लायसन्सशिवाय असलं काही बनवता येत नाही, हे फक्त समजण्यापुरतं.)

याहून भारी गोष्ट सासऱ्यांनी सांगितली. ते शनिवार पेठेत छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवण्यात आयुष्य गेलं. खिळ्यांचा धातू म्हणजे निव्वळ शिसं नसतं, त्यात अँटिमनी आणि कथील असतं. शिशाची घनता 11.34, कथलाची 7.3, अँटिमनीची 6.7, म्हणजे मिश्रण शिशापेक्षा हलकं होणारच. पण अँटिमनीमुळे धातू गोठताना कमी आकसतो, म्हणून तर अक्षराची धार नीट उठायची. आता तोच धातू गोळीच्या साच्यात ओतला तर काय होईल? निव्वळ शिशाच्या गोळीपेक्षा वजन कमी भरेल आणि व्यास किंचित जास्त येईल. हलकी आणि जाड, दोन्ही एकदम! हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातलं ते वांग्याचं गणित कायमचं गेलं.

बरं, मग कागदावर फरक काय पडतो, खरा प्रश्न हा आहे.

वजन बदललं की वेग बदलतो. रायफल तीच, हवेचा दाब तोच, तर हलका छर्रा जास्त वेगानं जाणार. मॅचची एअर रायफल साधारण 170 मीटर पर सेकंदनं मारते, दहा मीटरला सेकंदाचा सहा शतांश भाग लागतो, तेवढ्यात छर्रा दीड-पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो, साईट, म्हणजे नेम धरायची खूण, त्या हिशोबानं लावलेली असते. 0.53 च्या जागी 0.49 घातला तर वेग साधारण चार टक्के वाढतो आणि छर्रा एक-सव्वा मिलिमीटर वर लागतो. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं मलाही वाटलं होतं. पण रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि गुण दशांशात मोजतात, दर दशांश पॉइंट म्हणजे मधल्या ठिपक्यापासून पाव मिलिमीटर. म्हणजे 10.5 चा शॉट थेट 10.0 वर. साठ शॉटमधे हे लावून बघा. ती पोरगी बिचारी साईटचे क्लिक फिरवत बसली, स्वतःच्या श्वासाला दोष देत बसली, आणि चूक माझ्या पिशवीतून गेली होती.

हेड साईज चुकला तर गोष्ट वेगळी होते. तिथे छर्रे वर सरकत नाहीत, पसरतात. डोकं सैल असेल तर छर्रा बॅरलमधे किंचित तिरका बसतो, घट्ट असेल तर शिसं घासलं जातं, आणि प्रत्येक शॉट थोडा वेगळीकडे. रायफल शिकंज्यात धरून पाच-पाच शॉट मारून बघतात तेव्हा हे उघड्या डोळ्यांना दिसतं. जुळलेल्या साईजचे पाच छर्रे एकाच भोकातून गेल्यासारखे, कागदावर जवळजवळ एकच गोल. न जुळलेल्याचं भोक वेडंवाकडं, कडा फाटलेली. म्हणून मी आता कोणी विचारलं की एवढंच विचारते, ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, सरकलाय की फुटलाय? सरकला असेल तर आधी वजन बघा, फुटला असेल तर साईज. एकाच डब्यात हलके-जड मिसळलेले असले तर ग्रुप उभा लांबट होतो, तेवढा एक अपवाद लक्षात ठेवा.

आणि 4.49 चांगला की 4.51, हे कोणी दुसरा सांगू शकत नाही. ते तुमच्या बॅरलवर आहे. मैत्रिणीच्या मुलाला 4.51 लागतो म्हणून तोच आणायचा, असं करू नका. पिस्तुलचा आणि 50 मीटर रायफलचा हिशोबही यात मिसळू नका, स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 2024 मधे ब्राँझ घेतलं ते 50 मीटरला, तिथे छर्रा नसतोच, .22 चं काडतूस असतं.

घरी काय तपासता येतं? साईज नाही. मी नवऱ्याच्या व्हर्निअरनं मोजायला गेले, एकदा 4.48 आला, लगेच 4.51 आला, आणि छर्र्यावर जबड्याचा चट्टा उठला. शिसं इतकं मऊ असतं की मोजतानाच चेपतं, आणि एक शतांश मिलिमीटरचा फरक ओळखणं त्या व्हर्निअरच्या आवाक्याबाहेरचं. वजन मात्र अगदी सोपं. एकेक मोजत बसायचं नाही, दहा छर्रे मिळून काट्यावर ठेवायचे. 5.3 ग्रॅम आले तर रायफलचे, 4.9 आले तर हलके. सोन्या मारुती चौकातल्या ओळखीच्या सराफानं पहिल्यांदा करून दिलं, मग मी छोटा काटा घेतलाच. नंतर हात साबणानं धुवायचे, शिसं आहे, पोरं तेच हात पुसून डब्यातली पोळीभाजी खातात.

आता नवीन डबा आला की मी झाकणावर पांढरी पट्टी चिकटवते आणि मोठ्या अक्षरात वजन, साईज आणि लॉट नंबर लिहिते, आणि लेक किटमधे टाकायच्या आधी ते मोठ्यानं वाचून दाखवते.