वाऱ्याचं बिल कोण भरणार?

टोकियो ऑलिंपिकमधल्या महिलांच्या सायकल शर्यतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: गणितात पीएच.डी. केलेल्या बाईने समीकरण सोडवलं आणि सुवर्णपदक जिंकलं. त्याखाली 'गणिताची ताकद' छापाचं काहीतरी, आणि बहुतेक वेळा एखाद्या क्लासची जाहिरात. गोष्ट फॉरवर्ड करायला झकास आहे. त्या शर्यतीत गणित होतंही, पण ते दहावीच्या भौतिकशास्त्रात मावणारं आहे आणि जिंकणारीइतकंच ते हरणाऱ्यांनाही पाठ होतं. मला खरी गंमत तिथेच वाटते.

आधी घडलं काय ते पाहू. 25 जुलै 2021. टोकियोजवळच्या मुसाशिनोनोमोरी पार्कपासून फूजी पर्वताच्या पायथ्याच्या फूजी स्पीडवेपर्यंत 137 किलोमीटर. शर्यत सुरू होताक्षणी पाच जणी घोळक्यातून सुटून पुढे गेल्या. त्यात ऑस्ट्रियाची अ‍ॅना कीझेनहोफर होती. व्हिएन्ना, केंब्रिज, मग बार्सिलोनात पीएच.डी. आणि लोझानच्या विद्यापीठात संशोधन, अशी ही बाई. त्या वेळी कुठल्याही व्यावसायिक संघाशी तिचा करार नव्हता आणि शर्यतीत ऑस्ट्रियाची ती एकटीच होती. मागे घोळक्यात नेदरलँड्सच्या चौघी होत्या: फान फ्लूटेन, फान डर ब्रेगन, फॉस आणि फोलरिंग. आधीच्या दोन्ही ऑलिंपिकची सुवर्णपदकं यांच्यातल्याच दोघींकडे. पुढच्या पाच जणींची आघाडी दहा मिनिटांच्या वर गेली, तरी मागे कुणाला फारशी घाई नव्हती.

ही बेफिकिरी कुठून आली? वाऱ्यातून.

सायकलस्वार पुढे जातो तेव्हा हवा बाजूला सारावी लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून लागणारी शक्ती वाढते वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला तर हवेसाठी लागणारी ताकद आठपट. आकडे घालून बघा. सायकलसकट 65 किलो वजनाची, वाकून बसलेली सायकलपटू सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने एकटी चालली आहे. तिला साधारण 275 वॅट लागतात आणि त्यातले जवळजवळ 250 निव्वळ हवेत जातात. टायरच्या घर्षणाला उरतात पंचवीस-तीस.

आता ती कुणाच्या तरी मागे गेली तर? पुढच्या सायकलपटूच्या पाठीमागे हवा लगेच मिटत नाही. तिथे भोवरे आणि कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात, पुढच्या सायकलच्या मागच्या चाकापासून अर्ध्या मीटरच्या आत आपलं पुढचं चाक ठेवून चालवलं, तर हवेचा विरोध 30 ते 40 टक्क्यांनी उतरतो. (पुढच्याचाही दोनेक टक्के फायदा होतो, कारण मागच्यामुळे तो पट्टा थोडा भरून निघतो. हे बहुतेकांना खरं वाटत नाही.) मोठ्या घोळक्याच्या आत तर कमालच आहे. आइंडहोवेनच्या बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने 2018 मध्ये 121 सायकलस्वारांच्या दाट घोळक्याचं संगणकावर आणि पवनबोगद्यात प्रारूप तपासलं. आत, मागच्या भागात विरोध एकट्या सायकलस्वाराच्या तुलनेत फक्त 5 ते 10 टक्के उरतो, असं त्यात दिसलं. खऱ्या रस्त्यावर घोळका इतका दाट आणि स्थिर नसतो, म्हणून आपण 20 टक्के धरू.

या आकड्यांवर पाठलागाचा हिशेब मांडता येतो. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने एक ठोकताळा सांगतात: शर्यतीच्या शेवटी पेटलेला घोळका दर दहा किलोमीटरला एक मिनिट भरून काढतो. पुढची एकटी 40 च्या वेगाने चालली असेल तर दहा किलोमीटरला तिला 15 मिनिटं लागतात. मागच्यांना ते 14 मिनिटांत करायचे, म्हणजे वेग ताशी सुमारे 43. या वेगाला वारा अंगावर घेणाऱ्या पहिलीला 335 वॅटच्या आसपास लागतात, मागच्यांना 215. घोळक्यातल्या पाच जणींनी आळीपाळीने पुढे यायचं ठरवलं तर प्रत्येकीची सरासरी येते सुमारे 240. म्हणजे या पाच जणी एकटीपेक्षा कमी दमून तिच्यापेक्षा वेगाने जातात! एकटीने पळून जाणं हा वेडेपणा समजतात तो याचसाठी. आणि वेडेपणाच्या मागे कोण धावणार?

इथवर सगळं घोळक्याच्या बाजूने आहे. पण त्या पाच जणींच्या मागे, त्याच घोळक्यात, काहीही न करता बसलेल्या सायकलपटूला 43 च्या वेगाला किती लागतात? हवेचे 60 आणि टायरचे 30, म्हणजे 90 वॅट. पुढे राबणारीला 240, आत बसलेलीला 90. शेवटच्या किलोमीटरला ताज्या पायांनी कोण पुढे निघेल हे सांगायला गणितज्ञ लागत नाही. म्हणून राबायला कुणी तयार होत नाही. सोसायटीचा पाण्याचा पंप बंद पडल्यावर असंच होतं, प्लंबरला फोन दुसरा कुणीतरी करेल म्हणून प्रत्येक जण थांबतो. फरक एवढाच की इथे ज्यांच्याकडे सगळ्यांच्या नजरा होत्या त्या चौघी एकाच देशाच्या होत्या. चार दमदार डच असताना आपण का दमायचं, असं बाकीच्या म्हणणार. आणि डच म्हणणार, इतर सगळ्यांना फुकट ओढून शेवटी त्यांच्याकडूनच का हरायचं?

2012 साली लंडनमध्ये पुरुषांच्या शर्यतीत हे उघड्यावर घडलं होतं. ब्रिटनचे चौघे, त्यात सहाच दिवसांपूर्वी टूर द फ्रान्स जिंकलेला विगिन्स, मार्क कॅव्हेंडिशला शेवटच्या धावेपर्यंत पोचवण्यासाठी तासन् तास घोळका ओढत होते. इतर देशांनी हात वर केले. पुढचा गट हाती लागला नाही, कझाकस्तानचा विनोकुरोव्ह जिंकला आणि कॅव्हेंडिश 29 वा आला. टूरमध्ये एका संघात आठ जण असतात. ऑलिंपिकमध्ये एवढी माणसंच नसतात, त्यामुळे राबणारे हात लवकर संपतात.

घनाचा नियम चढावर मात्र ढिला पडतो. सहा टक्के चढावर ताशी 18 किलोमीटरने जाताना गुरुत्वाकर्षणाला 190 वॅट लागतात, हवेला जेमतेम 22. कुणाच्या मागे लपलं काय आणि न लपलं काय, सारखंच. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटासाठी 'घाटाचा राजा' हा किताब वेगळा असतो तो उगीच नाही. घाटात दुसऱ्याच्या आडोशाने राजा होता येत नाही. कीझेनहोफरने सोबत उरलेल्या पोलंडच्या प्लिख्टा आणि इस्रायलच्या शापिरा यांना मागे टाकलं ते कागोसाका खिंडीच्या चढावरच, शेवट सुमारे 40 किलोमीटर दूर असताना. सपाटीवर या दोघींचा तिला उपयोग होता. चढावर त्या नुसत्याच बरोबर होत्या.

मागे आणखी एक गोंधळ झाला. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ लावायला बंदी आहे. व्यावसायिक शर्यतीत गाडीतला प्रशिक्षक सतत सांगत असतो, पुढे कोण, किती मिनिटं. इथे ती सोय नव्हती. शेवटचे पाचेक किलोमीटर उरले असताना घोळक्याने प्लिख्टा आणि शापिराला गाठलं आणि बऱ्याच जणींना वाटलं, झालं, आता पुढे कोणी नाही. फान फ्लूटेन घोळक्यातून सुटली, रेषा ओलांडताना तिने हात वर करून जल्लोष केला. कीझेनहोफर तिच्या 1 मिनिट 15 सेकंद आधी तिथून गेली होती. डचांना साधी मोजणी जमली नाही, अशी टिंगल नंतर बरीच झाली. मला ती पटत नाही. संख्या माहीत असती तरी राबायचं कुणी, हा प्रश्न तसाच राहिला असता.

 

पॅरिसमध्ये 2024 ला हाच हिशेब अवघ्या तीन किलोमीटरांत बघायला मिळाला. नेदरलँड्सची मारियाने फॉस आणि हंगेरीची व्हाश पुढे होत्या. बेल्जियमची कोपेकी आणि अमेरिकेची क्रिस्टन फॉकनर यांनी त्यांना मागून गाठलं आणि गाठताक्षणी, श्वासही न घेता, फॉकनर निघून गेली. मागे तिघी आणि पदकं दोन. पाठलाग करायचा तर उरलेल्या दोघींना आडोसा द्यायचा आणि मग त्यांच्याशीच पदकासाठी झुंजायचं, तेही दमलेल्या पायांनी. म्हणजे सुवर्ण मिळेल न मिळेल, पण हातातलं रौप्य नक्की धोक्यात. तिघीही एकमेकींकडे बघत राहिल्या. एवढ्याशा अंतरात फॉकनरने 58 सेकंद कमावले.