फोर्कलिफ्ट उलटणे

गोदामात माल उचलताना, नेताना किंवा वळताना फोर्कलिफ्ट पुढे झुकणे वा कुशीवर कलंडणे. फोर्कलिफ्टच्या अपघातांत चालकाच्या जिवावर सर्वाधिक बेततो तो हाच प्रकार.

काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट हा चाकांवरचा तराजूच: पुढचा आस म्हणजे टेकू, एका अंगाला काट्यांवरचा (मालाखाली घालायच्या दोन लोखंडी पट्ट्यांवरचा) माल, दुसऱ्या अंगाला मागचे बिडाचे वजन. क्षमतेच्या पाटीवर ‘2500 किलो, 500 मिमी’ असेल, तर 500 मिमी हे काट्यांच्या उभ्या पाठीपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर. आसापासून ती पाठ 480 मिमी धरली आणि लांबट खोक्याचा गुरुत्वमध्य 700 मिमीवर गेला, तर क्षमता उरते 2500 × 980 ÷ 1180, म्हणजे सुमारे 2075 किलो. मास्ट, म्हणजे काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा, उंच नेला की याहूनही कमी. हा हिशेब टाळून मागचे वजन वाढवायला तिथे दोन हमाल उभे करण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. ती जीवघेणी आहे: एकाचा पाय घसरला की मागची चाके पुन्हा उचलतात आणि पडलेला माणूस त्यांच्याच खाली असतो.

कुशीवर कलंडण्याचे गणित वेगळे. मागचा स्टिअरिंग आस मधोमध एकाच खिळीवर डुलतो, त्यामुळे चाके चार असली तरी आधार त्रिकोणाचा: पुढची दोन चाके आणि मागची ती खिळी. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य मागे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकलेला असतो. म्हणून वेगात वळवलेली रिकामी गाडी, माल खाली धरलेल्या भरल्या गाडीपेक्षा लवकर पडते. नव्या चालकांना हे पटत नाही.

चालताना काटे जमिनीपासून 15–20 सेंमी, मास्ट किंचित मागे. उतारावर माल नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे भरली गाडी उतरवायची ती रिव्हर्समध्ये. रिकामी असेल तर काटे उताराकडे. रॅम्पवर वळायचे नाही.

गाडी कलंडू लागली की उडी मारावीशी वाटते आणि तिथेच घात होतो, कारण डोक्यावरचा लोखंडी पिंजरा उडी मारणाऱ्याच्याच अंगावर येतो. पट्टा बांधलेला ठेवून स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत, पडत्या बाजूच्या विरुद्ध झुकावे. मागून उघड्या, उभ्याने चालवायच्या गाडीत मात्र मागे पाऊल टाकून बाहेर पडायचे.

पडलेली गाडी दुसऱ्या फोर्कलिफ्टने ओढून उभी करू नये. आधी इंजिन बंद, गॅसवरची असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद; बॅटरीची असेल तर सांडलेल्या आम्लापासून माणसे दूर. उचलायला क्रेन बोलवावी.